कार्ड जळालं नव्हतं

आज आम्ही शेवया-पापडांचं बोलणार नाही, शेळ्यांच्या लसीकरणाचंही नाही. आज लॅपटॉपचं बोलणार आहोत. "आमच्या घरात कुठला आलाय लॅपटॉप" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. तुमच्या घरात नसला तरी कॉलेजला जाणाऱ्या पुतणीकडे असेल, ग्रामसंघाच्या कपाटात असेल. त्याच्या दुरुस्तीचे उद्या कुणी हजारांनी पैसे मागितले, तर आजचं ऐकलेलं कामाला येईल. आमचे साडेअकरा हजार वाचले, म्हणून सांगतो.

आमच्या गटात आम्ही अकरा जणी. त्यातल्या तिघी मोबाइलवर बारशाचे, हळदीचे व्हिडिओ काढायच्या, नुसते हौसेने. मग लोक पैसे देऊन मागायला लागले. बैठकीत ठराव घातला आणि एक जुना लॅपटॉप घेतला, ३२,००० रुपयांना. वीस हजार गटाच्या बचतीतले, बारा हजार ग्रामसंघाकडून कर्जाने. अध्यक्षताईंची भाची पॉलिटेक्निकला शिकते. तिने बजावून सांगितलं होतं, "मावशी, व्हिडिओचं काम करायचं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलाच घ्या." म्हणून तसा घेतला. चार हजार त्या कार्डापायीच जास्त दिले.

पहिले दोन-तीन महिने झकास गेले. माघात एक हळदीचं काम आलं. बाराच मिनिटांचा व्हिडिओ, साडेतीन हजार ठरलेले. नवरीकडच्यांना तो लग्नाच्या मांडवात पडद्यावर दाखवायचा होता. आमच्यातली धाकटी, तिलाच ते सॉफ्टवेअर नीट येतं, ती रात्री बसली. चित्र पुढे सरकेचना. माणूस नाचतोय की थांबलाय कळेना. पंखा मळणीयंत्रासारखा ओरडायला लागला. शेवटी सगळं जोडून व्हिडिओ बाहेर काढायला लावला, त्याला अडीच तास लागले, तेही दोनदा मध्येच अडकून. सकाळी पोहोचवायचा तो दुपारी पोहोचला. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. हजार रुपये कापून घेतले त्यांनी, आणि आम्ही काही बोलू शकलो नाही.

लॅपटॉप तालुक्याला दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या पोराने दोन मिनिटं इकडेतिकडे केलं, पडद्यावरची एक ओळ दाखवली आणि म्हणाला, "हे बघा, इथे इंटेल दिसतंय. तुमचं एनव्हिडियाचं कार्ड गेलं. ते बोर्डालाच असतं, सुटं मिळत नाही. बोर्डाचं काम साडेअकरा हजार."

त्या आठवड्याची बैठक आम्ही विसरणार नाही. वैशाखातली तीन लग्नं घेऊन ठेवलेली, दोघांकडून विसार घेतलेला. साडेअकरा हजार कुठून आणायचे? आणि मग एका काकूंनी ते विचारलं, जे बऱ्याच जणींच्या मनात होतं. "बत्तीस हजारांचा लॅपटॉप घ्यायला गेलेल्या तिघींनी तो तपासला होता का? की दुकानात चहा पिऊन आल्या?" आम्हीच ना त्या तिघी. कमिशन हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो खोलीत होता. गट दहा वर्षं जपलेला असतो आणि असल्या एका वाक्याने त्याला भेग जाते.

त्या रात्री भाचीला फोन लावला. ती परीक्षेत अडकलेली, तरी म्हणाली, "मावशी, पैसे देऊ नका. आधी मी सांगते ते बघा. पडद्यावर इंटेल दिसणं ही काही कार्ड गेल्याची खूण नाही."

आता हे थोडं समजून घेऊ, कारण सगळी गोम इथेच आहे.

अशा लॅपटॉपात चित्रं रंगवणारे दोघे असतात. एक प्रोसेसरच्या पोटातच असतो. आमच्यात तो इंटेलचा आहे. तो लॅपटॉपचीच मेमरी वापरतो, वीज थोडी खातो, रोजच्या कामाला पुरतो. दुसरा वेगळा, त्याची स्वतःची मेमरी असते. आमच्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० आहे, चार जीबीचं. हे जड कामाचं. घरातला रोजचा गॅस आणि लग्नाला लावायची भट्टी, असं समजा. चहाला कुणी भट्टी पेटवत नाही. पाचशे पानांचा भात मात्र घरच्या गॅसवर होत नाही.

आता गंमत बघा. बहुतेक लॅपटॉपांत पडद्याची वायर जोडलेली असते घरच्या गॅसला, म्हणजे इंटेलला. भट्टीवर शिजलेलं अन्नसुद्धा पंगतीत येतं ते घरच्या दारातूनच. एनव्हिडियाचं कार्ड चित्र तयार करतं आणि पडद्यावर दाखवायला इंटेलकडे देतं. एनव्हिडियाने २०१० साली ही पद्धत ऑप्टिमस या नावाने आणली. बॅटरी टिकावी हा हेतू, कारण मोठं कार्ड काम नसेल तेव्हा झोपून राहतं. म्हणून पडद्याच्या माहितीत इंटेलचं नाव दिसतं. कार्ड धडधाकट असलं तरी तेच दिसतं. दुकानातल्या पोराने दारात उभ्या असलेल्या वाढप्याला बघून आचारी मेला असं सांगितलं होतं. त्याला खरंच माहीत नव्हतं की आम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत होतं, ते देव जाणे.

भाचीने आधी बघायला सांगितलं ते टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. खिडकी उघडते, तिच्यात परफॉर्मन्स म्हणून एक भाग असतो. तिथे डाव्या बाजूला खालच्या अंगाला जीपीयू शून्य आणि जीपीयू एक अशी दोन नावं दिसायला हवीत. हे बघायचं ते व्हिडिओचं काम चालू असताना. काम चालू नसताना कार्ड शून्यावरच असतं, ते झोपलेलं असतं, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

आम्ही पाहिलं तर एकच नाव. इंटेल. तो शंभराला टेकलेला, बिचारा. दुसरं नावच नाही. काकू म्हणाल्या, "बघा, गेलंच की." आमचंही मन खचलं.

भाची म्हणाली, थांबा, आता डिव्हाइस मॅनेजर. खालच्या पट्टीवर विंडोजचं चिन्ह असतं, त्यावर उजवं बटण दाबलं की यादी येते, तिच्यात हे नाव सापडतं. त्यात डिस्प्ले अडॅप्टर्स असं लिहिलेलं असतं, त्याच्या पुढचा बाण दाबायचा. ही जागा नीट ध्यानात ठेवा मैत्रिणींनो, कारण इथे लॅपटॉप स्वतःच सांगतो काय दुखतंय ते. दोन्ही नावं साधी दिसली तर दोघे जागेवर आहेत. नावावर पिवळा त्रिकोण असेल तर बहुतेक ड्रायव्हरची अडचण. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषी, एक प्रोग्रामच असतो तो. नावाच्या जागी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं काही दिसलं तर दुभाषी आलेलाच नाही. आणि नावावर खाली तोंड केलेला छोटा बाण असेल, तर ते कार्ड कुणीतरी हाताने बंद केलेलं आहे.

आमच्या एनव्हिडियाच्या नावावर तो छोटा बाण होता.

नावावर दोनदा टिचकी मारली, तर आत इंग्रजीत लिहिलेलं की हे उपकरण बंद केलेलं आहे, कोड २२. जळालेलं नाही, बंद केलेलं. उजवं बटण, मग एनेबल डिव्हाइस. पडदा एकदा लुकलुकला आणि टास्क मॅनेजरात जीपीयू एक हे नाव येऊन बसलं. खोलीतल्या आम्ही सगळ्या ओरडलोच. साडेअकरा हजार रुपये एका टिचकीत परत आले होते.

पण मग प्रश्न आला, बंद केलं कुणी? सगळ्यांची बोटं दुकानाकडे. भांडायला जायची तयारी झाली, दोघी पदर खोचून उठल्या. तेवढ्यात आमची धाकटी रडायला लागली.

झालं होतं असं. पौषात आमच्याकडे वीज रात्री-अपरात्री यायची. एका कामाच्या वेळी बॅटरी पुरेना, म्हणून तिने तिच्या दिराला विचारलं. तो म्हणाला, "ते मोठं कार्ड बंद करून टाक वहिनी, बॅटरी जास्त चालेल." त्याचं अगदीच चूक नव्हतं. त्याने फोनवर सांगितलं तसं तिने केलं, आणि परत चालू करायचं राहिलं. मग हळदीचा घोटाळा झाला, दुकानदार कार्ड गेलं म्हणाला, बैठकीत ते सगळं झालं. तिला वाटलं आपणच कार्ड जाळलं. महिनाभर ती गप्प होती. घरी सासूला कळलं तर सेंटरला पाठवणार नाहीत ही भीती वेगळीच.

आम्ही तिला दंड केला नाही. नियमाने करता आला असता, तसा सूर निघालाही. पण मग आम्हीच विचार केला, की अकरा जणींत ते यंत्र उघडायची हिंमत एकटीने केली, आणि चुकायचा धोकाही एकटीनेच घेतला. बाकीच्या दहा जणींनी त्या लॅपटॉपला हात लावला होता तो फक्त पूजेला हळदीकुंकू वाहायला. ज्या काकूंनी चहाचं बोलल्या होत्या, त्यांनीच तिला जवळ घेतलं. आमच्याशी मात्र त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. असो.

आता काम सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. व्हिडिओ उघडला, आणि पुन्हा तेच अडखळणं. टास्क मॅनेजरात दोन्ही नावं, पण जीपीयू शून्य घामाघूम आणि जीपीयू एक आरामात. भट्टी पेटली होती, पण भात अजून घरच्या गॅसवरच चढत होता.

कुठलं काम कुठे चढवायचं हे विंडोज स्वतः ठरवतं, आणि त्याचा अंदाज चुकू शकतो. ते आपल्याला सांगता येतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ही सोय आहे, ११ मध्येही आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, त्यात अगदी खाली ग्राफिक्स. तिथे प्रोग्रामांची यादी येते. आपला प्रोग्राम नसेल तर तो जोडता येतो. त्याच्यापुढे तीन पर्याय: विंडोजला ठरवू द्या, पॉवर सेव्हिंग आणि हाय परफॉर्मन्स. तिसरा निवडायचा. त्याच्या खाली कार्डाचं नावही दिसतं, ते वाचून खात्री करा. मग तो प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. हे बहुतेक जण विसरतात आणि म्हणतात, फरक पडला नाही.

एनव्हिडियाच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलातही असंच सांगता येतं, पण एका ठिकाणी सांगितलं तरी पुरे. आणि उत्साहाच्या भरात सगळ्याच प्रोग्रामांना हाय परफॉर्मन्स लावू नका. बचतीचा हिशोब लिहायला भट्टी कशाला? नुसती बॅटरी जाईल आणि मांडी भाजेल.

आम्ही वापरतो ते दाविंची रिझॉल्व्ह, त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. त्याच्या आतही प्रेफरन्सेसमध्ये मेमरी अँड जीपीयू म्हणून एक पान आहे आणि तिथे कार्ड निवडता येतं. आम्ही निवडलं तर त्याने पाटी दाखवली, की ड्रायव्हर तपासा. म्हणजे दुभाषी जुना होता, महिनाभर झोपलेला आणि त्याआधीही कुणी बदललेला नाही.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा याबद्दल आम्ही दोनच शब्द बोलू, पण कडक. लॅपटॉप ज्या कंपनीचा तिच्या वेबसाइटवरून, किंवा कार्ड ज्या कंपनीचं तिच्या वेबसाइटवरून. तिसरीकडून नाही. शोधताना वरती जाहिराती येतात, "एका टिचकीत सगळे ड्रायव्हर" असल्या. तिथे टिचकी मारली की लॅपटॉपात काय काय येऊन बसेल सांगता येत नाही. लॅपटॉपच्या पोटाखाली मॉडेल लिहिलेलं असतं, ते घालायचं, आणि त्या मॉडेलला जो ड्रायव्हर दाखवतील तोच घ्यायचा. सगळ्यात नवा जुन्या कार्डाला चालेलच असं नाही. फाइल मोठी असते, पाचशे जीबी नव्हे हं, पाचशे-सातशे एमबी. आम्ही दोघींचे मोबाइल आळीपाळीने हॉटस्पॉटला लावले. एकीचा त्या दिवसाचा डेटा मध्येच संपला. उतरवून झाल्यावर बसवताना क्लीन इन्स्टॉलेशन असा पर्याय असतो, तो घेतला म्हणजे जुन्या सेटिंगचा गाळ राहत नाही. मग लॅपटॉप बंद करून चालू.

आणि चाललं, मैत्रिणींनो. चित्र सरसर पुढे. जीपीयू एक सत्तर टक्क्यांवर. सात-आठ मिनिटं. मग पुन्हा मंद.

या वेळी आम्ही घाबरलो नाही, एवढं तरी शिकलो होतो. भाचीने विचारलं, "चार्जर कितीचा आहे?" चार्जर कितीचा म्हणजे? चार्जर तो चार्जर. ती म्हणाली, त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचा. काकूंचा चष्मा लावून वाचली. १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. मग लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावरचं वाचलं. १९.५ व्होल्ट, ७.७ अँपिअर. आता गुणाकार करा, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. चार्जर ६५ वॅटचा आणि लॅपटॉप मागतोय १५० वॅट. आम्हाला विकताना कुणीतरी लहान लॅपटॉपचा चार्जर पिशवीत घातला होता. पिन बसत होती, दिवा लागत होता, म्हणून आम्ही कधी बघितलंच नाही. हिशोब लिहिताना पुरतो तो, पण प्रोसेसर आणि कार्ड दोघे एकदम कामाला लागले की वीज कमी पडते, आणि लॅपटॉप दोघांनाही हळू चालवतो.

बरोबर वॅटचा चार्जर आम्हाला जुन्यातच १,४०० रुपयांना मिळाला. घेताना व्होल्ट तेच हवेत आणि पिन तीच हवी. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. चार्जर लावलेला असतानाही पॉवर मोड बचतीवर ठेवलेला नाही ना, हेही एकदा बघून घ्या.

तोच हळदीचा व्हिडिओ आम्ही मुद्दाम पुन्हा काढून बघितला. अडीच तासांच्या जागी पस्तीस मिनिटं. बैठकीच्या वहीत आम्ही ते लिहून ठेवलं, दोन्ही आकडे, आणि १,४०० रुपयांची पावती चिकटवली. लॅपटॉप खरेदीच्या वेळी काय काय तपासलं आणि काय तपासायचं राहिलं, तेही लिहिलं. चार्जर बघायचा राहिला होता, ती चूक आमची तिघींची.

प्रत्येक वेळी असंच निघेल असं मात्र नाही. कार्ड खरंच जातंही. डिव्हाइस मॅनेजरात वरच्या व्ह्यूमध्ये लपलेली उपकरणं दाखवा असा पर्याय असतो. तो लावूनही नाव दिसत नसेल, किंवा नवा ड्रायव्हर घालूनही पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ हटत नसेल, जड काम चालू केलं की पडद्यावर रेघा येऊन लॅपटॉप बंद पडत असेल, तर कारागिराकडे जायलाच हवं. त्याआधी एक करता येतं. काही लॅपटॉपांत चालू होतानाच्या पहिल्या पानावर, म्हणजे बायोसमध्ये, वेगळं कार्ड चालू-बंद करायची सोय असते. ती कंपनीनुसार वेगळी, सगळ्यांत नसते. तिथे माहिती नसताना दुसरं काही बदलू नका. आणि आतली धूळ काढून घेणं तर आमच्या भागात दरवर्षीच हवं, फुफाटाच एवढा असतो. आम्ही काढून घेतली तेव्हा पंख्यातून कापसासारखा गोळा निघाला.

कारागिराकडे गेलात तरी एवढंच विचारा: डिव्हाइस मॅनेजरात काय दिसतं ते आम्हाला दाखवा, आणि कोड कितीचा आहे ते सांगा. जो काम जाणतो तो दाखवतो. आमच्या त्या दुकानातल्या पोराला आम्ही नंतर जाऊन सगळं सांगितलं. आधी जरा ओशाळला, मग त्याने स्वतःच्या मोबाइलात कोड २२ लिहून घेतला.

वैशाखातली तिन्ही लग्नं वेळेवर गेली. आता धाकटीबरोबर आणखी दोघी शिकतायत, त्यातल्या एक त्या काकू. त्यांना अजून माउस डावीकडे जातो की उजवीकडे याचा घोळ होतो, पण टास्क मॅनेजर मात्र त्या डोळे मिटून उघडतात.

तुमच्यापैकी कुणाच्या गटात, घरात असा लॅपटॉप असेल तर दर बुधवारी दुपारी दोन ते चार आम्ही ग्रामसंघाच्या खोलीत असतो. घेऊन या, मिळून बघू. येताना चार्जर विसरू नका.